सातवी लेन

जेलच्या फोटोत सातव्या लेनमध्ये काहीच नव्हतं. जेलमध्ये प्रत्येक नमुन्यातले डीएनएचे तुकडे आपापल्या लेनमध्ये, लांबीनुसार, पट्ट्यांसारखे उमटतात. सहाव्या लेनमध्ये ठसठशीत पांढरा पट्टा, आठव्या लेनमध्ये तसाच, आणि दोघांच्या मधे नुसतं काळं. उंदरांवर काम करणाऱ्या कुठल्याही लॅबमध्ये आठवड्यातून एखादा तरी असा जेल निघतो, त्यामुळे यात नवल काहीच नाही. पण ही लेन मनातून जात नाही, कारण तिचीच वाट बघणं चाललं होतं. एक जनुक मुद्दाम बाद केलेल्या, म्हणजे नॉकआउट, उंदरांच्या या लाइनमधल्या (वंशातल्या) हेट, म्हणजे एक प्रत शाबूत आणि एक बाद असलेल्या, नर-मादीच्या जोड्यांची तोपर्यंत २७ पिलं तपासून झाली होती. १० पिलांत जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत, १७ पिलांत एक शाबूत आणि एक बाद. दोन्ही प्रती बाद असलेलं एकही नाही. मेंडेलच्या हिशोबाने चारांत एक असायला हवं, म्हणजे सहा-सात तरी. सातवी लेन अठ्ठाविसाव्या पिलाची. शाबूत प्रत शोधणाऱ्या नळीत पट्टा नाही आणि बाद प्रतीत बसवलेलं निओ हे जनुक शोधणाऱ्या दुसऱ्या नळीत मात्र लख्ख पट्टा. अशा वेळी हात आपोआप पिंजऱ्याच्या कार्डाकडे जातो आणि दोन वजा चिन्हं काढायला पेन्सिल टेकते.

तिथेच थांबायला हवं.

कारण त्या काळ्या लेनचे दोन अर्थ होतात. जनुक नाही, किंवा जनुक आहे पण पीसीआर, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा नळीत वाढवण्याची प्रक्रिया, झाली नाही. फोटोत दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कानाचा तुकडा असतो जेमतेम दोन मिलिमीटरचा. तीन आठवड्यांची पिलं आईपासून तोडताना नंबर देण्यासाठी कान टोचतात आणि पंचमध्ये अडकलेलं तेच कातडं डीएनएसाठी वापरतात. पिलाला एकदाच दुखतं, कामं दोन होतात. नळीत ७५ मायक्रोलिटर द्रावण, त्यात २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.२ मिलिमोलर ईडीटीए. ९५ अंशांवर अर्धा तास, मग थंड करून तेवढंच ४० मिलिमोलर ट्रिस. तुकडा विरघळत नाही, नुसता मऊ पडतो. नवखी माणसं तो विरघळायची वाट बघत तासन्‌तास उकळत ठेवतात आणि आतल्या डीएनएचा भुगा करून बसतात. या गढूळ पाण्याचे दोन मायक्रोलिटर पीसीआरला पुरतात. जास्त घातलं तर पट्टा जास्त ठळक येईल असं वाटतं, होतं उलटंच: केस, रक्त, मीठ सगळं सोबत जातं आणि एन्झाइम अडतं. अशा अवस्थेतही अडीचशे-तीनशे बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) छोटा तुकडा कसाबसा वाढतो. हजाराच्या वरचा तुकडा पहिल्यांदा दगा देतो. इथे निओचा तुकडा २८० बेसचा होता आणि मूळ जनुकाचा ११०० बेसचा.

शेजारच्या कंट्रोल, म्हणजे पडताळ्याच्या, लेन व्यवस्थित होत्या, पण त्यानेही फसायला होतं. कंट्रोल म्हणून वापरलेला डीएनए बहुतेक वेळा किटमधून शुद्ध करून, मोजून, फ्रीझरमध्ये जपून ठेवलेला असतो. तो चालला म्हणजे प्रायमर, म्हणजे तुकड्याची टोकं धरणारे डीएनएचे छोटे धागे, चांगले आहेत एवढंच कळतं. या कानातून निघालेल्या गढूळ पाण्यात ते चालले का, ते कळत नाही. म्हणून तीन प्रायमर एकाच नळीत घालायची पद्धत बरी: एक दोन्ही प्रतींना सामाईक, एक फक्त शाबूत प्रतीला बसणारा, एक फक्त बाद प्रतीला बसणारा. दोन तुकड्यांच्या लांबीत शंभरेक बेसचा फरक, आणि दोन्ही पाचशेच्या आत. मग प्रत्येक लेनमध्ये एक ना एक पट्टा यायलाच हवा, आणि ज्या लेनमध्ये काहीच नाही तिच्याबद्दल काहीच बोलायचं नाही. या सगळ्या कामाचं मर्म मला यातच दिसतं. जनुक नाही असं म्हणायचं, तर त्याच नळीत दुसरं काहीतरी असल्याचं दाखवावं लागतं. नुसत्या काळोखाकडे बोट दाखवून भागत नाही.

उंदरांच्या बाबतीत हा धडा जुना आहे. फ्रान्समधल्या नान्सी शहरात ल्युसियाँ क्युएनो हा प्राणिशास्त्रज्ञ पिवळ्या उंदरांची पैदास करत होता. पिवळ्याला पिवळा लावला की पिलं पिवळी आणि बिनपिवळी दोन्ही होत, पण शुद्ध पिवळा उंदीर, ज्याची सगळीच पिलं पिवळी निघतील असा, त्याला कधी मिळाला नाही. १९०५ मध्ये त्याने हे आकडे मांडले. तीनास एक यायला हवं तिथे पिवळी कमी पडत होती. पिवळेपणाच्या दोन प्रती आल्या की भ्रूण पोटातच मरत होता. १९१० मध्ये कॅसल आणि लिटल यांनी प्रमाण दोनास एकच असल्याचं पक्कं केलं. मेलेला भ्रूण दिसलेला नसताना नुसत्या गणतीवरून त्याची चाहूल लागली होती. जनुक म्हणजे डीएनए हे कळायला तेव्हा अजून चाळीसेक वर्षं होती.

मराठीत उंदीर म्हटलं की माउसही आला आणि रॅटही आला. फार तर घूस वेगळी काढतात. पण या क्षेत्रात या दोघांतलं अंतर वीस वर्षांचं आहे. पहिले नॉकआउट माउस १९८९ चे, रॅट २००९ चे. फरक पडला तो भ्रूणातून काढलेल्या, कुठलीही ऊती बनू शकणाऱ्या ईएस पेशींमुळे. माउसच्या पेशी १९८१ मध्ये केंब्रिजला मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत गेल मार्टिन यांनी बशीत वाढवून दाखवल्या. रॅटच्या तशा पेशी २००८ पर्यंत कुणाला टिकवता आल्या नाहीत.

बशीत पेशी वाढल्या तरी हव्या त्याच जनुकात घाव घालायचा कसा, हा प्रश्न उरतोच. पेशीत डीएनए सोडला तर तो बहुतेक वेळा मिळेल तिथे घुसतो. आपल्यासारखाच मजकूर असलेली जागा शोधून तिथे अदलाबदल करणारा क्वचित. मारिओ कापेकी यांनी १९८० मध्ये यासाठी पैसे मागितले तेव्हा परीक्षकांनी हे होणं कठीण म्हणून तेवढा भाग सोडून द्यायला सांगितलं होतं. त्यांनी तो सोडला नाही. १९८८ मध्ये त्यांच्या लॅबने केलेली युक्ती मला अजूनही विलक्षण सुंदर वाटते. तोडायच्या जनुकाच्या मधोमध निओ बसवायचं, म्हणजे जी४१८ या औषधात जगण्याची सोय. दोन्ही बाजूंना मूळ मजकुराचे लांब बाहू. आणि बाहूच्याही बाहेर, टोकाला, नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूचं टीके जनुक. तुकडा योग्य जागी बसला तर बाहूंच्या आतलं तेवढं आत जातं आणि टीके बाहेर गळून पडतं. भलत्याच जागी घुसला तर सहसा टीकेसकट घुसतो. मग गॅन्सिक्लोव्हिर घातलं की टीके असलेल्या पेशी मरतात. जगते ती पेशी, जिच्यात एक गोष्ट आहे आणि दुसरी नाही. पण इथेही नसण्यावर विसंबता येत नाही, कारण आत शिरताना टीकेचं टोक तुटलं किंवा ते जनुक मुकं झालं तरी पेशी जगते. म्हणून प्रत्येक वसाहत उचलून ९६ खणांच्या ताटलीत वेगळी वाढवायची, आणि बाहूच्या बाहेर बसणारा प्रोब (डीएनएचा खुणेचा तुकडा) घेऊन सदर्न ब्लॉट करायचा, म्हणजे डीएनए कापून खुणेचा तुकडा किती लांबीचा निघतो ते बघायचं. प्रोब बाहूच्या आत बसणारा निवडला तर घुसखोर तुकडाही पट्टा देतो आणि महिने वाया जातात.

पुढचं काम रंगांचं. तपकिरी-करड्या १२९ जातीच्या ईएस पेशी, दहा-पंधरा, काळ्या सी५७ ब्लॅक-सिक्स जातीच्या साडेतीन दिवसांच्या भ्रूणात सुईने सोडायच्या. तो भ्रूण नसबंदी केलेल्या नराकडून फळवून खोटी गाभण केलेल्या मादीच्या गर्भाशयात ठेवायचा. पिलं ठिपक्याठिपक्यांची, काळ्यावर तपकिरी डाग. पिलाला केस फुटायला आठवडाभर लागतो आणि तोवर ते गुलाबी अंग कुठल्या रंगाचं होणार ते कळत नाही. डाग भरपूर असले तरी त्या पेशी बीजापर्यंत, म्हणजे शुक्राणू-बीजांडांपर्यंत, पोहोचल्याच असतील असं नाही. ईएस पेशींना बशीत राहून आठव्या गुणसूत्राची एक जादा प्रत चिकटली तर त्या झपाट्याने वाढतात, दिसायला उत्तम असतात आणि पुढच्या पिढीत उतरत नाहीत. सुई लावण्याआधी गुणसूत्रं मोजायचा कंटाळा करू नये. ४० म्हणजे ४०.

आता १२९ या जातीबद्दल, कारण माझ्या मते नॉकआउटच्या इतिहासातला सगळ्यात मोठा चकवा तिथे आहे. १९९५ मध्ये कास्पेज-१ हे जनुक बाद केलेले उंदीर तयार झाले. जिवाणूंच्या एंडोटॉक्सिन या विषाचा प्राणघातक डोस दिला तरी ते जगत. निष्कर्ष सरळ होता: एंडोटॉक्सिनच्या झटक्यात जीव घेतो तो कास्पेज-१. हे उंदीर जगभर गेले, त्यांच्यावर कितीतरी काम उभं राहिलं. २०११ मध्ये जेनेन्टेक कंपनीच्या कायागाकी, दीक्षित आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १२९ जातीच्या उंदरांत कास्पेज-११ जन्मतःच मोडलेलं असतं. पाच बेस गळलेले, तेही एक्झॉनच्या, म्हणजे जनुकातल्या प्रथिनासाठी वाचल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, सांध्यापाशी, त्यामुळे धडसं प्रथिन बनत नाही. कास्पेज-१ आणि कास्पेज-११ नवव्या गुणसूत्रावर खेटून आहेत. ईएस पेशी १२९ च्या, म्हणून कास्पेज-१ तोडताना शेजारचं मोडकं कास्पेज-११ आपोआप सोबत आलं. ब्लॅक-सिक्सशी दहा पिढ्या संकर केला तरी ते सुटलं नाही, कारण दोन जनुकांमधली जागा इतकी थोडी की तिथे गुणसूत्राची अदलाबदल होण्याची शक्यता जवळपास शून्य. या उंदरांना फक्त कास्पेज-११ परत दिलं की एंडोटॉक्सिनने ते मरू लागले.

सोळा वर्षं ज्याच्या नसण्याबद्दल लिहिलं गेलं, ते नसणं शेजारच्याचं होतं.

दहा पिढ्यांचा संकर म्हणजे उंदीर शुद्ध झाला, ही समजूत म्हणूनच धोक्याची. बाकीच्या गुणसूत्रांपुरतं ते खरं आहे. दहाव्या पिढीत परक्या जातीचा अंश हजारात एक-दोन इतकाच उरतो. पण तोडलेल्या जनुकाभोवतीचा पट्टा आपणच प्रत्येक पिढीत निवडून राखत असतो. त्याची सरासरी लांबी दोनशे भागिले पिढ्या इतके सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक), म्हणजे दहा पिढ्यांनंतरही वीसेक. तेवढ्यात शेकडो जनुकं मावतात. तीन महिन्यांची एक पिढी धरली तर अडीच वर्षं घालवून एवढंच साधतं. बरं, ज्या ब्लॅक-सिक्सकडे वळवायचं तेही एक नाही. ‘जे’ शाखेत एनएनटी जनुक मोडलेलं, ‘एन’ शाखेत आरडी-८ हा डोळ्याच्या पडद्याचा दोष. ‘एन’ शाखेचे नॉकआउट घेऊन पडद्यावरचे पांढरे ठिपके आपल्या जनुकाच्या खात्यावर मांडायची चूक सहज होते. भावंडं कंट्रोल म्हणून घेतली, एकाच वेतातली, एकाच पिंजऱ्यातली, तर यातल्या पुष्कळ चुका टळतात. बाहेरून विकत आणलेला ब्लॅक-सिक्स हा कंट्रोल नव्हे.

शेजाऱ्याचं जाणं जसं फसवतं, तसं शेजाऱ्याचं जागं होणंही फसवतं. प्रायॉन प्रथिनाचं जनुक १९९२ मध्ये झुरिकच्या उंदरांत बाद केलं तेव्हा ते ठणठणीत होते. नागासाकीत त्याच जनुकाचा नॉकआउट केला, तर म्हातारपणी त्या उंदरांचा तोल जाऊ लागला आणि लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशी मरू लागल्या. जनुक एकच आणि उंदीर दोन तऱ्हेचे. १९९९ मध्ये उलगडा झाला. नागासाकीत तुकडा कापताना तिसऱ्या एक्झॉनच्या आधीचा जोडसांधाही गेला होता. जनुकाची नक्कल असलेल्या आरएनएला जोडायला जागा मिळेना, म्हणून ते पुढे धावत जाऊन डॉपेल नावाच्या पुढच्या जनुकाला जोडलं गेलं, आणि मेंदूत एरवी जवळपास नसणारं डॉपेल भरमसाट बनू लागलं. झुरिकच्या उंदरांत तो सांधा राहिला होता. रोग प्रायॉन नसल्याचा नव्हता, डॉपेल असल्याचा होता.

म्हणून कुठला एक्झॉन कापायचा हे ठरवताना कागदावर बराच वेळ घालवावा. सगळ्या रूपांत सामाईक असलेला, शक्यतो सुरुवातीकडचा, आणि ज्याच्या बेसना तीनने भाग जात नाही असा. तीनने भाग गेला तर वाचनाची चौकट टिकते आणि मधला तुकडा नसलेलं पण काम करणारं प्रथिन बनत राहतं. निओ तसंच आत ठेवलं तर त्यातले छुपे जोडसांधे आपला आणि शेजाऱ्यांचाही कारभार बिघडवतात, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना एफआरटी या कापायच्या खुणा घालून ते नंतर काढण्याची सोय ठेवतात. प्रथिन गेलं याची खात्री वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन शोधणाऱ्या चाचणीने, करतात, पण अँटिबॉडी नेमकी कापलेल्या भागाला ओळखणारी असली तर पट्टा दिसणारच नाही, मग उरलेलं अर्धं प्रथिन पेशीत खुशाल काम करत असो. दोन टोकांना ओळखणाऱ्या दोन अँटिबॉडी हव्यात.

क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीने वेळ वाचवला यात शंका नाही. २०१३ मध्ये रुडॉल्फ येनिश यांच्या लॅबने एका झटक्यात, थेट एकपेशीय भ्रूणात, टेट-१ आणि टेट-२ दोन्ही तोडून दाखवले. ईएस पेशींच्या वाटेने याला वर्ष-दोन वर्षं गेली असती. पण काळ्या लेनचा प्रश्न इथे आणखी अवघड होतो. भ्रूण दोनाचे चार पेशी होतानाही कात्री चालू राहते, त्यामुळे पहिल्या पिढीचा उंदीर चार-पाच तऱ्हेच्या तोडींची गोधडी असतो. कानात दिसलं ते बीजात असेलच असं नाही. पुढच्या पिढीत वेगळं करून प्रत्येक तोड वाचावी लागते. शिवाय कात्रीने कधी पाच-दहा बेस न जाता हजारो जातात. मग आपल्या प्रायमरची बसायची जागाच जाते, त्या प्रतीतून पट्टा येत नाही, दुसऱ्या शाबूत प्रतीतून येतो, आणि कार्डावर लिहिलं जातं की दोन्ही प्रती शाबूत. लेन काळी नसतानाही तिच्यात एक काळी प्रत लपलेली असते. त्यासाठी दूरवर बसणारे प्रायमर घेऊन लांब पीसीआर करावी, किंवा प्रती मोजाव्यात.

जनुक पूर्ण घालवण्यापेक्षा ते थोडं कमी करणं कधी कधी जास्त शिकवतं, हे मान्य व्हायला मात्र उशीर लागला. पीटेन हे गाठी रोखणारं जनुक. दोन्ही प्रती गेल्या तर भ्रूण मरतो, एक गेली तर गाठी येतात. २०१० मध्ये असे उंदीर केले गेले ज्यांच्यात पीटेन नेहमीच्या ८० टक्के होतं. तेवढ्यानेही माद्यांना स्तनाच्या गाठी आल्या. पॅक्स-६ ची एक प्रत गेली की डोळे बारीक होतात, दोन्ही गेल्या तर डोळेच येत नाहीत आणि पिलू जन्मताच मरतं. आरएनए इंटरफरन्सने, म्हणजे जनुकाचा आरएनए नष्ट करून, कमी करायचं असेल तर ते काम करणारे छोटे आरएनए, म्हणजे हेअरपिन, किमान दोन वेगवेगळे वापरावेत, कारण एकाचा परिणाम भलत्याच आरएनएवर झालेला असू शकतो. किती कमी झालं तो आकडा ऊतीगणिक मोजावा. यकृतात ९० टक्के उतरलेलं जनुक मेंदूत जसंच्या तसं असतं.

हवं तिथे, हवं तेव्हा तोडायचं तर क्रे-लॉक्सपी. लॉक्सपी या ३४ बेसच्या दोन खुणा, मधलं कापून टाकणारं क्रे हे एन्झाइम; १९९४ मध्ये क्लाउस रायेव्स्की यांच्या लॅबने टी-पेशींपुरता डीएनए पॉलिमरेज बीटा असा तोडला. टॅमॉक्सिफेन या औषधावर चालणारं क्रे असेल तर ते औषध मक्याच्या तेलात २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर रात्रभर अंधारात हलवत विरघळवायचं, किलोमागे ७५ मिलिग्रॅम, पाच दिवस पोटात इंजेक्शन. तळाशी साका दिसला तर पुन्हा हलवावं. नाहीतर पहिल्या उंदराला कमी आणि शेवटच्याला दुप्पट जातं. ज्यांच्यात क्रे नाही त्यांनाही तेच तेल आणि तेच औषध द्यायचं, कारण टॅमॉक्सिफेन स्वतः इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर काम करतं. आणि फक्त क्रे असलेली भावंडंही हवीत: नेस्टिन-क्रे (मेंदूच्या पेशींत क्रे चालणारे) उंदीर कुठलंही जनुक न तोडताही अंगाने लहान भरतात. पाचव्या दिवशी जनुक गेलेलं असतं, प्रथिन नसतं गेलेलं. ते आपल्या आयुष्याप्रमाणे आणखी दिवस, कधी आठवडे टिकतं. घाई करून सहाव्या दिवशी केलेला प्रयोग जनुक नसलेल्या पण प्रथिन असलेल्या उंदरावर होतो.

आणि हे सगळं बिनचूक केलं, तरी उंदीर टुणटुणीत निघू शकतो. मायोडी हा स्नायू घडवणारा मुख्य घटक मानला जात होता. १९९२ मध्ये तो बाद केला तर उंदीर जगले, व्यायले, स्नायू जागच्या जागी. मायएफ-५ या दुसऱ्या घटकाने जास्त काम उचललं होतं. पुढच्या वर्षी दोन्ही तोडले तेव्हा हाडांवरचा स्नायूच उरला नाही. मायोडीचं काय बिघडतं ते नंतर स्नायूला इजा करून बघितल्यावर कळलं. भरून यायला त्रास होत होता. ईजीएफआरचं उदाहरण तर प्रत्येकाने पिंजऱ्यांच्या खोलीत लावून ठेवावं. १९९५ मधलं काम: हेच जनुक सीएफ-१ जातीत नसेल तर भ्रूण गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास मरतो, १२९ मध्ये गरोदरपणाच्या मध्यावर, आणि सीडी-१ मध्ये पिलं जन्मून तीन आठवडे जगतात.

या खोल्यांत शिरलं की आधी पंख्यांची अखंड घरघर, मग भुश्याचा आणि अमोनियाचा वास. टिश्यूचा घरट्यासारखा गोळा उघडला की आत गुलाबी पिलांची वळवळ. जन्मून काही तास झालेल्या पिलाच्या पोटात, कातडीतून, पांढरा ठिपका दिसतो. ते प्यालेलं दूध. तो ठिपका नसलेली पिलं वेगळी नोंदवावी लागतात, कारण टाळू फाटलेलं किंवा श्वास घेता न येणारं पिलू दुसऱ्या दिवशीपर्यंत मरतं आणि आई ते खाऊन टाकते. तीन आठवड्यांनी मोजणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. मला या हिशोबातला सगळ्यात जड भाग मात्र उरलेल्यांचा वाटतो. दोन फ्लॉक्स (लॉक्सपीच्या खुणा लावलेल्या) प्रती आणि एक क्रे हवं असेल तर नेहमीच्या जोडीतून चारांत एक पिलू तसं निघतं. फक्त माद्या हव्या असतील तर आठांत एक. आठ माद्यांसाठी ६४ पिलं, म्हणजे दहाएक वेतं. त्यांतली काही भावंडं कंट्रोल होतात. बाकीच्यांत काहीही वावगं नसतं, जनुकंही शाबूत असतात, आणि त्यांना जागा नसते. जोड्या आधी नीट आखल्या तर हा आकडा निम्म्यावर येतो. म्हणून तो कागद, तो संकराचा तक्ता, मला कुठल्याही क्लोनिंगच्या नकाशाइतकाच महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या जीनोटाइपवर, म्हणजे जनुकाच्या प्रती चुकीच्या नोंदलेल्या उंदरावर, केलेला प्रयोग म्हणजे ही सगळी पिलं फुकट गेली असा अर्थ होतो.

सातव्या लेनकडे परत येऊ. उरलेलं गढूळ पाणी फ्रीझरमध्ये होतं. ते दहापट पातळ करून पुन्हा लावलं. सोबत मूळ जनुकासाठी नवा उलटा प्रायमर, ११०० ऐवजी ३१० बेस देणारा, आणि निओचाही त्याच नळीत. या वेळी कंट्रोल म्हणून किटमधला डीएनए न घेता दुसऱ्या पिलांच्या कानांचंच पाणी घेतलं. दोन टक्क्यांचा जेल, पाऊण तास. अठ्ठाविसाव्या पिलाच्या लेनमध्ये दोन पट्टे आले, जवळजवळ, दोन्ही स्वच्छ. हेट. एक प्रत शाबूत, एक बाद, आधीच्या १७ भावंडांसारखंच.

म्हणजे २८ पिलं, त्यात शून्य. चारांत एक असताना सलग २८ वेळा ते न येण्याची शक्यता दहा हजारांत तीन. आंतरराष्ट्रीय माउस फिनोटाइपिंग कन्सॉर्शियम हा नॉकआउट उंदीर तपासणारा गटही सुमारे एवढ्याच पिलांवर लाइन प्राणघातक ठरवतं; २०१६ मध्ये त्यांनी छापलेल्या १,७५१ लाइनपैकी ४१० तशा निघाल्या. आता जिवंत पिलं मोजण्यात अर्थ नाही, पोटात बघायला हवं. जोड्या संध्याकाळी लावायच्या, सकाळी लवकर प्लग (समागमानंतर मादीच्या योनीत राहणारा घट्ट गोळा) बघायचा, उशीर केला तर तो गळून पडतो. प्लग दिसला तो दिवस अर्धा धरायचा. साडेचौदा दिवसांपासून सुरुवात, तिथे नुसतेच काळपट विरलेले गोळे दिसले तर साडेबारा, मग साडेनऊ. तपासणीसाठी बलकपिशवी घ्यायची, पण आधी पीबीएसच्या (मिठाच्या द्रावणाच्या) तीन वेगळ्या वाट्यांतून धुऊन, आणि चिमटा दर भ्रूणाला पुसून. आईच्या रक्ताचा थेंब राहिला तर आईची शाबूत प्रत पट्टा देते आणि नॉकआउट भ्रूण हेट म्हणून नोंदला जातो. जेलमध्ये असलेलं ‘नाही’ असं दिसतं, तसं नसलेलं ‘आहे’ असंही दिसतं. आणि गर्भाला पोसणारी वार टाकून द्यायची नाही. आरबी या जनुकाचे नॉकआउट भ्रूण १९९२ पासून मेंदू आणि रक्तातल्या बिघाडाने मरतात असं मानलं जात होतं. २००३ मध्ये त्यांना निरोगी वार मिळेल अशी व्यवस्था केली तेव्हा त्यांतले काही पूर्ण दिवस भरेपर्यंत जगले. २०१८ मध्ये १०३ लाइन तपासल्या गेल्या, तेव्हा गरोदरपणाच्या मध्यावर किंवा नंतर मरणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांच्या वारेत दोष होता. तोवर बहुतेकांनी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

कार्डावरचं पेन्सिलीचं अर्धवट वजा चिन्ह खोडून अधिक-वजा लिहिलं. खाली तारीख, आणि संध्याकाळी लावायच्या तीन जोड्यांचे नंबर.